मूकवाचनातील नाद

वाचन ही डोळ्यांची क्रिया आहे असे आपण सारे धरून चालतो. दिवा गेला की वाचन थांबते, चष्मा हरवला की वर्तमानपत्र निरुपयोगी होते. व्यवहाराला एवढा पुरावा पुरतो. परंतु आपल्या भाषेने या क्रियेला जे नाव दिले, ते डोळ्यांवरून दिलेले नाही. 'वाचन' हा शब्द बोलणे या अर्थाच्या 'वच्' धातूपासून आला आहे. पानावरील अक्षरांना बोलते करणे हा त्याचा मूळ भाव. ज्या काळी ग्रंथ चारचौघांत मोठ्याने वाचला जाई, त्या काळाची ही खूण आहे. पाणिनीय शिक्षेत तर अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'लिखितपाठक', म्हणजे लेखी प्रत पुढे ठेवून म्हणणारा, हाही एक आहे. ज्याच्या कानात पाठ मुरलेला नाही त्याने केवळ अक्षरांच्या आधाराने म्हणू नये, असा तो दंडक होता. आज आपण सारेच लिखितपाठक झालो आहो, आणि तेही मुके. तेव्हा आता वाचनाशी नादाचा काही संबंध उरला आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्या सुशिक्षित मंडळींत रूढ आहेत. पहिले उत्तर अभिमानाचे आहे. आपली लिपी उच्चारानुसारी असून जसे बोलावे तसे लिहिले जाते. सबब जो अक्षरे जाणतो तो भाषा वाचतो, यापलीकडे प्रश्नच नाही. दुसरे उत्तर आधुनिकतेचे आहे. ओठ हलवून वाचणे हे शिकाऊ पोरांचे लक्षण. प्रौढ वाचक शब्दाचे चित्र पाहतो आणि थेट अर्थाला पोचतो, त्याला नादाची गरज नसते. जलद वाचनाचे वर्ग चालवणारे लोक तर मनातला हा आवाज बंद पाडण्याची शिकवण देतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अर्धसत्य आहेत, आणि महाराष्ट्राबाहेर घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना ती अंगलट येणारी आहेत.

हा विषय आमच्या मनात घोळू लागला तो एका लहानशा प्रसंगामुळे. दिल्लीत आमच्या एका स्नेह्यांच्या घरी महिन्यातून एकदा मराठी वाचनाची बैठक असते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बारा वर्षांच्या नातीने एक ग्रामीण विनोदी कथा वाचण्याचे मनावर घेतले. मुलीचे शिक्षण हिंदीतून आणि इंग्रजीतून झालेले. मराठी अक्षरे तिला नवीन नव्हती, कारण ती हिंदीचीच अक्षरे. तिने एकही अक्षर न गाळता कथा वाचली. परंतु 'चाक' मधला 'च' तिने 'चहा'तल्या 'च'सारखा उच्चारला, 'ज्ञानोबा'चा 'ग्यानोबा' केला, 'पैसा' हिंदी धाटणीने वाचला आणि 'केलं', 'गेलं' यांवरच्या टिंबांना 'केलम्', 'गेलम्' असे काहीसे रूप दिले. आजीबाई दोनदा म्हणाल्या, "सावकाश वाच गं बाळ, कळत नाही." शेवटी त्यांनी पुस्तक आपल्याकडे घेतले, चष्मा चढवला आणि तेच पान ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या. चौथ्या ओळीला त्यांना हसू आवरेना. नात गोंधळून म्हणाली, "आजी, मीपण हेच वाचलं ना? यात हसण्यासारखं काय होतं?" आजीबाईंनी तो परिच्छेद आपल्या माणदेशी हेलाने मोठ्याने वाचून दाखवला. मग नातही हसली.

पान एकच होते. डोळे नातीचेच अधिक तेज होते. मग जे आजीला सापडले आणि नातीला सापडले नाही, ते कोठे होते? ते छापलेल्या शाईत नव्हते एवढे निश्चित.

वाचनाच्या मानसशास्त्राने या बाबतीत गेल्या शतकात पुष्कळ शोध घेतला आहे. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एडमंड ह्यूई या अमेरिकन अभ्यासकाने मूकवाचनातील अंतर्गत वाणीची सविस्तर चर्चा केली होती. पुढे प्रश्न अधिक नेमका झाला: हा आतला आवाज शब्द ओळखल्यानंतर उठतो, की शब्द ओळखण्याच्या कामातच त्याचा हात असतो? १९८७ साली व्हॅन ऑर्डेन यांनी केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. वाचकाला आधी एक वर्ग सांगायचा, समजा 'फूल'. मग पडद्यावर एक शब्द दाखवून तो त्या वर्गातला आहे की नाही ते चटकन विचारायचे. इंग्रजीत गुलाबाला जो शब्द आहे, त्याच उच्चाराचा पण निराळ्या अक्षरांचा 'रांगा' या अर्थाचा दुसरा शब्द आहे. तो दाखवला असता प्रौढ, सुशिक्षित वाचकही 'होय, फूल' अशी चूक करीत. दिसायला तितकाच जवळचा, पण उच्चाराने भिन्न असा शब्द दाखवला तर ही चूक फारच कमी होई. म्हणजे कोणी काही उच्चारले नसताना, शब्द डोळ्यांपुढे येताच त्याचा नाद मनात उठला होता, आणि अर्थाचे दार त्या नादाने ठोठावले होते.

इंग्रजी वाचकांचा हा अनुभव आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. आमच्या एका मंडळाने एका वर्षी सव्वीस जानेवारीच्या समारंभाची निमंत्रणपत्रिका छापली. मुद्रिते आम्हां तिघांनी तपासली. तिघेही सरकारी मसुद्यांतील स्वल्पविराम शोधण्यात आयुष्य घालवलेले. पत्रिका वाटून झाल्यावर एका शाळकरी मुलाने दाखवून दिले की, वर ठळक अक्षरांत 'प्रजासत्ताक दीन' असे छापले आहे. प्रजासत्ताकाला आम्ही दीनवाणे करून सोडले होते! त्या ठिकाणी 'दान' किंवा 'दिव' छापले गेले असते, तर तिघांपैकी एकाला तरी ते खटकलेच असते. मराठी माणसाच्या तोंडी 'दिन' आणि 'दीन' यांचा उच्चार बहुधा सारखाच होतो. डोळ्याने दिलेले अक्षर कानाला पसंत पडले आणि कानाने डोळ्याची तक्रार दाबून टाकली. 'सुत' आणि 'सूत' यांची गत हीच. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आपल्याकडे एवढ्या का होतात आणि एवढ्या का निसटतात, याचे कारण आळस हे एकच नाही. ज्या भेदाला कान साक्ष देत नाही, तो भेद डोळ्याला एकट्याने सांभाळावा लागतो.

नादाच्या बाजूचा आणखी एक पुरावा येथे सांगण्यासारखा आहे. १९६६ साली कॉरकोरन यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी उताऱ्यातील प्रत्येक 'ई' या अक्षरावर काट मारा, एवढेच काम वाचकांना दिले होते. जेथे त्या अक्षराचा उच्चार होतो तेथे ते बहुधा सापडे. जेथे ते मुके असते तेथे ते अधिक वेळा निसटे. अशा निसटण्याची अन्य कारणेही पुढे अभ्यासकांनी दाखवली. तरीही शोध डोळ्यांचा असताना न उच्चारलेले अक्षर नजरेआड व्हावे, ही गोष्ट विचार करायला लावते.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात अनुस्वाराचा वाद जागा झाल्याखेरीज राहणार नाही. त्या प्रयोगाच्या चारच वर्षे आधी, १९६२ साली, मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. पहिल्या नियमांनी जे मोठे काम केले ते हे की, उच्चारात न उरलेले अनुस्वार लेखनातूनही गेले. तत्पूर्वी माणसाचे 'नांव' आणि पाण्यावरची 'नाव' यांत डोळ्यापुरता एका टिंबाचा भेद होता. नव्या नियमांनी तो पुसला. जुन्या मंडळींना हे व्युत्पत्तीवरचे संकट वाटले. परंतु मराठी माणूस बोलताना हा भेद करीतच नव्हता, आणि वाचताना वाक्याच्या ओघात नावाड्याची नाव आणि नावाड्याचे नाव यांची गल्लत सहसा कोणाची झाली नाही. मुके टिंब गेले, वाचन चालू राहिले. या वादात कानाचा कौल नियमांच्या बाजूने होता, असे आम्हांला वाटते.

मात्र त्याच नियमांनी डोळ्याला काही परतही दिले. पूर्वी एका घराबद्दल बोलतानाही 'घरांत' लिहीत आणि अनेक घरांबद्दलही 'घरांत'च. आता 'घरात' हे एकवचन आणि 'घरांत' हे अनेकवचन. बोलण्यात ती अनुनासिकता पुष्कळदा निसटती असते. तो भेद मुख्यतः डोळ्यासाठी आहे आणि तो उपयोगाचा आहे. यावरून दिसते की लेखन हे बोलण्याची हुबेहूब नक्कल नसते. काही गोष्टी ते कानासाठी लिहिते, काही डोळ्यासाठी, आणि काही मुळीच लिहीत नाही.

या न लिहिलेल्या गोष्टींकडे आमचे विशेष लक्ष आहे. कारण 'जसे बोलावे तसे लिहावे' हा आपला अभिमान नेमका तेथे उघडा पडतो. 'जग' हा शब्द पाहा. विश्व या अर्थी त्यातला 'ज' तालव्य. 'शंभर वर्षे जग' असा आशीर्वाद देताना तोच 'ज' दंततालव्य. 'जात' म्हणजे ज्ञाती आणि 'तो जात आहे' यातले 'जात'. थोडे या अर्थी 'जरा' आणि वार्धक्य या अर्थी 'जरा'. अक्षर एक, उच्चार दोन. 'माझा' म्हणताना जीभ एके ठिकाणी लागते, 'माझी' म्हणताना दुसऱ्या ठिकाणी. 'घर' शब्दाच्या शेवटी लिपीप्रमाणे 'अ' आहे, जिभेवर तो नाही. यांपैकी कशालाही बाळबोध लिपीत खूण नाही. खूण नसूनही आपण अडत नाही, कारण आपल्या कानात ते शब्द आधीच साठवलेले असतात. लिपी अर्धे सांगते, उरलेले अर्धे वाचक आपल्या साठ्यातून भरतो, आणि हे भरणे इतके बिनबोभाट होते की सारे पानावरच होते असा भास होतो.

मोडी वाचणाऱ्यांना हे अधिक चांगले ठाऊक असे. मोडीत आधी पानभर रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरे लटकवीत जात. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे डोळ्याला दिसण्याची सोयच नव्हती. ते तोंडाने म्हणून कानाने ठरवावे लागे. म्हणूनच जुन्या दप्तरांचे वाचक कागद गुणगुणत वाचतात. पॉल सँगर या अभ्यासकाने १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात मध्ययुगीन युरोपबद्दल असे प्रतिपादन केले आहे की, लॅटिन लेखनात शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत आयर्लंडकडील धर्मोपदेशकांनी रूढ केली आणि तिच्यामुळे मूकवाचन सुलभ झाले. म्हणजे वाचकाचे ओठ मिटण्याआधी लिपीकाराला पानावर जागा मोकळी करून द्यावी लागली.

आता दुसऱ्या पक्षाचेही ऐकले पाहिजे. नादावाचून अर्थाला पोचण्याची वाट मुळीच नाही असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. १९७३ साली मार्शल आणि न्यूकोम यांनी मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांच्या वाचनाचे जे वर्णन केले, त्यांत असे रुग्ण होते की समोरच्या शब्दाऐवजी ते त्याच्याशी अर्थाने जुळणारा, पण उच्चाराने पूर्ण वेगळा शब्द वाचीत. नादाची वाट बुजलेली असूनही अर्थाचा काही अंश त्यांच्यापर्यंत पोचत होता. म्हणून आज अनेक अभ्यासक दोन वाटा मानतात: एक अक्षरांवरून नादाकडे आणि नादावरून अर्थाकडे जाणारी, दुसरी शब्दाच्या ओळखीच्या रूपावरून थेट अर्थाकडे जाणारी. सराईत वाचकाच्या ठायी दोन्ही एकाच वेळी चालू असतात. चिनी लिपीत अक्षरे ध्वनी जोडून वाचली जात नाहीत, म्हणून तेथे तरी डोळ्याचे निर्वेध राज्य असेल असे कोणी म्हणेल. पण १९७७ साली त्झेंग, हुंग आणि वांग यांनी केलेल्या प्रयोगांत, चिनी अक्षरे लक्षात ठेवतानाही सारख्या नादाची अक्षरे एकमेकांत मिसळून घोटाळा करतात, असे आढळले. आपल्या लिपीपुरते बोलायचे तर, २००२ साली ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते व्यंजनानंतर. डोळ्याचा क्रम आणि कानाचा क्रम असा उलटा झाला की वाचनाला त्याची किंमत मोजावी लागते, असे त्यांना दिसून आले. डोळा आणि कान यांचा संसार एकत्र आहे. एकाने पाय उलटा टाकला की दुसरा अडखळतो.

येथवर आम्ही शब्दाच्या ओळखीविषयी बोललो. परंतु हे मासिक वाङ्मयाचे आहे, तेव्हा या साऱ्याचा वाङ्मयसमीक्षेशी काय संबंध, असे वाचक विचारील आणि ते रास्तच आहे. संबंध निकटचा आहे. मराठी समीक्षेत शब्दाच्या नादाला गौण स्थान देणारी सर्वांत समर्थ भूमिका बा. सी. मर्ढेकरांची होय. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात त्यांनी साहित्याचे माध्यम म्हणून शब्दांच्या नादाला नव्हे, तर त्यांच्या भावनात्मक अर्थाला मान्यता दिली. संगीतात स्वरांचे जे नाते असते ते शब्दांच्या नादांत नसते. तेव्हा काव्याला संगीताच्या पंक्तीला बसवून त्याची प्रतिष्ठा वाढवू नये, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आम्हांला आजही मान्य आहे. नुसत्या अनुप्रासाला काव्य म्हणणाऱ्या रसिकतेला त्यांनी घातलेला आळा आवश्यकच होता.

पण माध्यम नाद नाही, एवढ्यावरून नादाचे काम संपत नाही. ज्या भावनात्मक अर्थाची ते गोष्ट करतात, तो वाचकाला भेटतो कसा? वर पाहिलेले प्रयोग सांगतात की, अर्थ हाती येण्याच्या आधी किंवा त्याच्या बरोबरीने शब्दाचा नाद मनात उठलेला असतो. शब्द ऐकताना त्याच्याबरोबर आलेली सारी माणसे, सारे प्रसंग त्या नादाला चिकटलेले असतात. भावनात्मक अर्थ म्हणून आपण ज्याला गौरवितो, त्याचा मोठा भाग या साठ्यातून येतो. आणि याची साक्ष खुद्द मर्ढेकरांची कविताच देते. यंत्रयुगाची ओकारी, शहराचा कोंदटपणा, माणसाची क्षुद्रता हे विषय त्यांनी कित्येक कवितांतून अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत घातले. तेथला उपरोध कोठे आहे? तो विधानात थोडा आणि चालीत फार आहे. ज्याच्या कानात तुकोबांचा अभंग टाळांसकट बसलेला आहे, त्यालाच त्या चालीत गिरणीचा भोंगा आणि इंग्रजी शब्द आलेले पाहून धस्स होते. ज्याने अभंग कधी ऐकला नाही त्याला त्याच ओळी म्हणजे चमत्कारिक शब्दांची जुळणी वाटेल. अर्थ समजेल, पण कविता हाती येणार नाही. स्वतः मर्ढेकर नभोवाणीच्या सेवेत होते, नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहिले, संगीतिका लिहिल्या आणि १९५६ साली दिल्लीतच वारले. केवळ कानाच्या जगात दिवसभर काम करणाऱ्या या कवीने नादाला सिद्धान्तात जे दिले नाही, ते कवितेत मुक्तपणे दिले. कवी मर्ढेकर येथे समीक्षक मर्ढेकरांपेक्षा मोठे ठरतात, असे आमचे मत आहे.

गद्याकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ साली आले, 'बनगरवाडी' १९५५ साली. पहिल्या पुस्तकाच्या नावातले शेवटचे टिंब पाहावे. 'माणसें' या ग्रांथिक रूपावरचे टिंब मुके होते. ते पुढे नियमांनी काढले. 'माणसं' वरचे टिंब मात्र बोलके आहे. शेवटचा 'अ' लांबवा, अशी ती वाचकाला खूण आहे. चिन्ह तेच, पण एके ठिकाणी ते व्युत्पत्तीची आठवण होते, दुसऱ्या ठिकाणी ते तोंडाला दिलेली सूचना झाले. ज्याच्या कानात ते बोलणे नाही त्याला ही सूचना कळत नाही. आमच्या स्नेह्यांच्या नातीने 'केलम्', 'गेलम्' वाचले ते याचमुळे. आणि माणदेशच्या माणसाच्या बोलण्यातला सगळा कडूगोड विनोद तर या हेलावर तोललेला असतो. पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन ज्यांनी ध्वनिमुद्रिकेवर ऐकले आहे, त्यांनी 'अंतू बर्वा' पुन्हा मनात वाचून पाहावे. रत्नागिरीचा तो खवचट हेल आपोआप कानात वाजू लागतो आणि छापील वाक्ये दुप्पट जिवंत होतात. लेखकाने लिहिले ते सर्वांसाठी सारखेच. वाचकाने आणलेला साठा मात्र सारखा नसतो.

यातून समीक्षेसाठी एक छोटी कसोटी निघते. प्रादेशिक बोलीतील कथेवर 'भाषा दुर्बोध आहे' असा शेरा मारण्यापूर्वी समीक्षकाने स्वतःला विचारावे की, दुर्बोधता पानावर आहे की आपल्या कानात? आमच्या या वर्तुळातील परीक्षणांत, आणि त्यांत आमचीही काही आली, हा शेरा फार सैलपणे वापरला गेला आहे. आम्ही त्या पुस्तकांकडे केवळ डोळे घेऊन गेलो आणि कान घरी ठेवले, हा आमचा दोष होता. याच्या उलट, जे लेखक बोली म्हणून फक्त चार शब्दांचे स्पेलिंग बदलतात आणि वाक्याची लय पुणेरीच ठेवतात, त्यांची लबाडी मोठ्याने वाचताच उघडी पडते. मूकवाचनात ती खपून जाते.

आता शेवटचा आणि आम्हांला सर्वांत बोचणारा मुद्दा. बदलीच्या नोकरीत आपण गावोगाव हिंडलो. पेट्यांतून पुस्तके बरोबर नेली, मासिकांचे अंक बांधून ठेवले आणि मुलांना अक्षरे शिकवली की मराठी राखली, असे समाधान मानले. हिंदी मुलखात तर अक्षरे शिकवण्याचेही श्रम पडले नाहीत. नेमका तेथेच घात आहे. लिपी एकच असल्यामुळे आपल्या मुलांना वाटते की मराठी आपल्याला वाचता येते. ती 'कृपा' वाचतात 'क्रिपा', 'औषध' वाचतात हिंदी 'और'च्या 'औ'ने, 'ज्ञ' वाचतात 'ग्य', आणि मराठी 'च'-'ज' चे दुहेरी रूप त्यांच्या गावीही नसते. प्रत्येक शब्द जवळजवळ बरोबर निघतो, आणि त्या 'जवळजवळ'मुळे एकही शब्द कानाच्या कोठारातल्या शब्दाशी जुळत नाही. कोठारच रिकामे असेल तर जुळायचे कशाशी?

दक्षिणेत याचे उलटे चित्र दिसते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीतील मोडी कागद आजही जपून ठेवलेले आहेत. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालचा विस्तीर्ण मराठी शिलालेख कोरलेला आहे. त्या राजवटीबरोबर गेलेल्या कुटुंबांचे वंशज घरात अजून आपली तंजावरी मराठी बोलतात, पण त्यांच्यातील अनेकांचे मराठी लेखनवाचन सुटले आहे. त्यांच्याकडे नाद राहिला, अक्षर गेले. आपल्या घरांत अक्षर राहिले आहे आणि नाद जात आहे. या दोहोंत अधिक दरिद्री कोण, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला आहे. नाद असलेल्या माणसाला अक्षरे काही महिन्यांत शिकवता येतात. अक्षरे असलेल्या माणसाला नाद देण्यासाठी मात्र बोलणारी माणसे लागतात, आणि ती वर्षानुवर्षे लागतात.

म्हणून या लेखाच्या अखेरीस आमची सूचना अगदी साधी आहे. हे मासिक घरी येते. बहुतेक घरांत ते एक जण वाचतो, तोही मनातल्या मनात, आणि मग ते कपाटात जाते. यापुढे प्रत्येक अंकातील एक कथा किंवा एक कविता घरातल्या सर्वांत वडील माणसाने जेवणानंतर मोठ्याने वाचावी. उच्चार साताऱ्याचा असो, नागपूरचा असो, कारवारचा असो. प्रमाण आहे की नाही याची चिकित्सा करू नये. मुलांनी ऐकावे, हसावे, मध्येच प्रश्न विचारावेत, कंटाळून उठूनही जावे. कानात काय साठले ते त्या दिवशी कळणार नाही. पुढे कधीतरी दूरच्या एखाद्या शहरात ती मुले एकटीच एखादे मराठी पान उघडतील, तेव्हा कळेल.

त्या बैठकीनंतर आमच्या स्नेह्यांच्या घरी हा क्रम सुरू झाला आहे. मागच्या महिन्यात नात पुन्हा वाचायला बसली. 'चाक' तिने बरोबर म्हटले. 'जात' शब्दाशी मात्र अडखळली, क्षणभर थांबली, वाक्य संपेपर्यंत नजर पुढे नेऊन आली आणि मग योग्य तो 'ज' उच्चारला. आजीबाईंनी काही म्हटले नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.